सोलंगला जानेवारीत घर भाड्याने घ्यावं का?

प्रश्न चोपड्याच्या एका ताईंचा आहे. २६ जानेवारीच्या सुट्टीला जोडून घरचे नऊ जण मनालीकडे निघणार. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, धाकटा पुतण्या चार वर्षांचा. सासूबाई बाहेरचं खात नाहीत, म्हणून हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर हवं. सोलंग गावात चार खोल्यांचं लाकडी घर त्यांनी पाहून ठेवलंय, जाहिरातीत लिहिलंय ‘दारातच बर्फ’. पाच रात्री. मुलांना स्कीइंग शिकायचंय. ॲडव्हान्स भरावा का, असं त्या विचारतात.

ताई, घर जरूर घ्या. नऊ जणांना, त्यात एक वयस्कर आणि एक चिमुरडं, हॉटेलात चार टोकांना चार खोल्या मिळण्यापेक्षा घरच सोयीचं. पण हे घर घेऊ नका, आणि पाचही रात्री सोलंगमध्ये तर मुळीच काढू नका. ‘दारातच बर्फ’ हे आपल्याकडच्या ४५ अंशांत वाचायला फार गोड लागतं. जानेवारीत त्याचा अर्थ असा की गाडी दारापर्यंत येत नाही, पहाटे नळाला पाणी येत नाही आणि सासूबाईंना पाच दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. जळगाव-धुळ्याकडच्या कुटुंबांच्या हिमालयातल्या सहली आखणं हा माझा धंदा आहे, आणि हिवाळ्यासाठी माझा सल्ला सहसा बदलत नाही: मुक्काम बर्फाच्या पायथ्याशी, बर्फात दिवसा जाऊन यायचं. बर्फात झोपायची हौस असेल तर एका रात्रीची, तीही तरुण मंडळींनी करावी.

मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे, सोलंग २,५०० मीटरच्या आसपास. अंतर फक्त तेरा-चौदा किलोमीटर. पण दर शंभर मीटर चढलं की हवा अर्ध्या अंशाहून जास्त गार होते, आणि पाणी गोठण्याच्या काठावर असताना दोन-तीन अंशांनी सगळं बदलतं. मनालीच्या रस्त्यावर पडलेला बर्फ ऊन पडलं की दोन-चार दिवसांत जातो. सोलंगला तो साचून राहतो, दिवसा वितळतो, रात्री त्याची काच होते. मनालीच्या खाली ब्यास नदीच्या डाव्या काठाला जगतसुख आहे, त्याहून खाली नग्गर. तिथली घरं मोठी, अंगण सपाट, गाडी दाराशी येते. जगतसुखहून सोलंग वीसेक किलोमीटर. सकाळी डबा बांधून निघालं की दिवस बर्फात, संध्याकाळी गरम खोलीत. वशिष्ठ गावही चांगलं. मंदिराशेजारी गरम पाण्याची कुंडं आहेत, बायका-पुरुषांची वेगळी. पण तिथली वाट चढाची आणि गल्ल्या अरुंद, त्यामुळे सासूबाईंचे गुडघे कसे आहेत त्यावर ते ठरेल.

सोलंगबद्दल आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत कुणी लिहीत नाही. सोलंग, पलचान, बुरुआ, कोठी, गोशाल, शनाग अशी मनालीच्या वरच्या अंगाची नऊ गावं मकरसंक्रांतीपासून ४२ दिवस मौन पाळतात. गौतम ऋषी, व्यास ऋषी आणि नागदेवता या काळात तपश्चर्येसाठी स्वर्गात जातात, त्यांना आवाजाचा त्रास होऊ नये, अशी तिथली श्रद्धा. गोशालच्या मंदिराचं दार बंद होतं, घरातले टीव्ही-रेडिओ बंद, शेतातली कामं बंद. देव परत आले की मंदिर उघडतात आणि आत मातीने लिंपलेल्या जागेत काय सापडतं, त्यावरून वर्षाचं भाकीत सांगतात, आपल्या शेजारी भेंडवळला आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, घटमांडणीवरून सांगतात तसंच. पाहुण्यांना बंदी नसते. पण तुमच्या तारखा नेमक्या या ४२ दिवसांत येतात. नऊ जणांचं कुटुंब, पाच थंड रात्री, अंताक्षरी, पोरांच्या हातातला स्पीकर... गावातलं कुणी तोंडावर बोलणार नाही, पण त्यांना खुपेल, आणि खुपू नये असं मला वाटतं. जगतसुखला हा प्रश्न येत नाही.

आता घर कसं तपासायचं ते. फोटोंवर जाऊ नका. सफरचंदाच्या झाडांना हिरवी पानं दिसली की समजा, फोटो उन्हाळ्यातला. जानेवारीत त्या झाडांच्या नुसत्या काटक्या असतात. मालकाला व्हिडिओ कॉल करा आणि घर दाखवायला सांगू नका, वाट दाखवायला सांगा. ‘भाईजी, गाडी जहाँ रुकेगी, वहाँ से चलना शुरू करो.’ तो फोन हातात धरून चालत येईल आणि तुम्हाला सगळं कळेल. रस्त्यापासून दारापर्यंत किती चालायचं, चढ आहे की पायऱ्या, पायऱ्यांना कठडा आहे का. जुनी पहाडी घरं लाकूड आणि दगडाचे थर एकावर एक रचून बांधलेली असतात. खाली गुरं नि सरपण, वर माणसं. वर जायचा लाकडी जिना बाहेरून, अरुंद, आणि जानेवारीत त्याच्या पायरीवर पाणी सांडलं की रात्रीत बर्फ. अशा जिन्यावरून तुम्ही-आम्ही बसत-सरकत उतरू, सासूबाई नाहीत. मग त्याला संडास-बाथरूम दाखवायला सांगा: खोलीला जोडून आहे की गच्चीच्या टोकाला? नळ सोडायला सांगा. शेवटी खिडकीजवळ कॅमेरा न्यायला सांगा आणि फटी बघा. कॉल करायला टाळाटाळ करणाऱ्या मालकाचं घर घ्यायचं नाही. घर खरंच अस्तित्वात आहे की नाही, तेही याच कॉलमध्ये कळतं, कारण भाड्याच्या घरांच्या खोट्या जाहिराती टाकून ॲडव्हान्स लाटणारे भरपूर आहेत.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे घर गरम कसं होतं. त्या भागात लाकडावर चालणारा तंदूर असतो. रोट्या भाजायचा मातीचा नव्हे, गुडघाभर उंचीचा पत्र्याचा डबा. पुढे लाकूड घालायला झडप, वर सपाट झाकण, त्यावर किटली, मागून पत्र्याचा पाइप खिडकीतून नाहीतर छतातून बाहेर. पेटला की पाव तासात खोली उबदार. काश्मीरमध्ये याच कामाला बुखारी असते. चार खोल्यांच्या घरात असा तंदूर बहुधा एकाच खोलीत असतो, म्हणून ‘चार बेडरूम’वर भाळू नका. विचारायचं हे, की तंदूरवाली खोली केवढी आहे आणि तिथे नऊ गाद्या पडतील का. पडत असतील तर घर चांगलं. सरपणाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात, गठ्ठ्यावर, ते आधीच ठरवून घ्या. इलेक्ट्रिक हीटर प्रत्येक खोलीत मिळेल असं सांगतील. दोन हजार वॅटचे चार हीटर आणि वर गीझर, इतका भार त्या घरांची वायरिंग पेलत नाही, आणि मोठा बर्फ पडला की वीज जातेच. हीटर जोडीला ठीक, भरवसा तंदूरवर.

इथे एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा. पेटत्या कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपायचं नाही. पाइप नसलेली कुठलीच आग झोपायच्या खोलीत नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. पहाडात दर हिवाळ्यात अशी माणसं दगावतात, बहुतेकदा बाहेरून आलेली, थंडीने घाबरून दारं-खिडक्या घट्ट लावून बसलेली. तंदूरचा पाइप सांध्यात सैल आहे का, खोलीत धूर येतो का, हे पहिल्याच संध्याकाळी बघा आणि झोपताना खिडकीची एक फट उघडी राहू द्या. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर तिथेही हाच धोका: हवा खेळती नसेल तर तो वापरायचा नाही, बादलीत गरम पाणी घ्यायचं. नऊ जणांनी रोज सकाळी अंघोळ करायचा हट्टही सोडा. एवढं गरम पाणी कुठल्याच घरात नसतं.

पाणी गोठतं ते पाइपात. म्हणून रात्री एक नळ बारीक धारेने सुरू ठेवतात. वाया जातंय असं वाटून आपल्याकडची माणसं उठून तो बंद करतात, आणि सकाळी मालक ब्लो टॉर्च घेऊन पाइप शेकत बसतो. तो नळ बंद करू नका. शिवाय दोन बादल्या नि एक पातेलं रात्रीच भरून स्वयंपाकघरात ठेवा.

स्वयंपाकघर हे तर तुमचं घर घेण्याचं मुख्य कारण, तेव्हा थोडं सविस्तर. दोन हजार मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, सोलंगच्या उंचीवर ९१-९२ ला. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा तसाच. कुकर लागतोच, आणि होमस्टेचा कुकर असतो तीन लिटरचा, रबर गेलेला. आपला पाच लिटरचा कुकर रबर-शिट्टीसकट घेऊन जा. गॅसचं सिलिंडर बाहेर उघड्यावर असेल तर पहाटे ज्योत मंदावते: सिलिंडरमधला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतो. सिलिंडर आडोशाला आहे ना, एवढं बघायचं. ते तापवायच्या भानगडीत कुणी पडू नये. चहाची किटली तंदूरवर ठेवली की गॅसची अर्धी गरज भागते.

शिधा इथूनच न्या: कळण्याचं पीठ, काळा मसाला, शेव, बिबडे, उडदाचे पापड, ठेचा, लसणाची चटणी. थंडीत भूक दुप्पट लागते. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी बर्फातून परतलेल्या पोरांना जितकी लागते तितकी जळगावात लागत नाही. मनालीच्या बाजारात भाज्या सगळ्या मिळतात, पण भरिताची हिरवी वांगी विसरा. ती बरोबर नेलीत तरी भाजायला पऱ्हाट्या, कापसाच्या वाळक्या काटक्या, कुठून आणाल? देवदाराच्या लाकडाचा धूर राळेचा, भरिताला तो चालत नाही. आणि रात्री उरलेलं अन्न घराबाहेर ठेवू नका, कुत्री येतात.

कपड्यांचं थोडक्यात. आपण कापसाच्या मुलखातले, पण बर्फात सुती कपडा अंगाला लागून नको. घाम शोषून तो ओला राहतो आणि थांबलात की हुडहुडी भरते. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. सोलंगच्या रस्त्याला नंबर लावलेली दुकानं ओळीने आहेत, तिथे अंगभर सूट आणि गमबूट भाड्याने मिळतात. गाडीवाला तुम्हाला एका ठरावीक दुकानासमोरच उभं करेल. उतरा, पण पुढच्या दोन दुकानांतही भाव विचारा. मोजे आपलेच हवेत, दोन जोड जास्तीचे. काळा चष्मा चार वर्षांच्या पुतण्यालासुद्धा हवा, बर्फावरून परतणारं ऊन डोळे भाजतं.

स्कीइंग. सोलंगच्या मैदानावर दोन प्रकार चालतात. एक म्हणजे फोटोचं स्कीइंग: कुणीतरी हात धरून शंभर फूट ओढत नेणार, फोटो, पैसे, खलास. दुसरं म्हणजे खरंखुरं शिकणं, त्याला निदान दोन पूर्ण दिवस आणि एकच शिक्षक लागतो. पहिला दिवस पडण्या-उठण्यात जातो. शिकायची पहिली गोष्ट म्हणजे थांबणं: दोन्ही स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे आत. एवढं जमलं की वेग आपल्या ताब्यात आला. बूट टाचेशी घट्ट हवेत, ‘जरा सैल द्या’ म्हणू नका. सैल बुटात ताबाही जातो आणि घोटाही. शिक्षक मनालीतूनच ठरवा, दिवसाच्या हिशेबाने, आणि तिघा-चौघांपेक्षा जास्त मुलं एका माणसाकडे देऊ नका. मोठ्या मुलांपैकी कुणाला खरोखर नाद असेल तर त्याच्यासाठी या सहलीत पैसे घालू नका. मनालीला अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे, तिचे हिवाळ्यात चौदा दिवसांचे स्कीइंगचे कोर्स सोलंगला होतात. त्यात राहणं-खाणं-साहित्य सगळं येतं, आणि तिथून आलेला मुलगा खरंच स्की करतो.

बर्फात एक रात्र काढायचीच असेल तर सोलंगपेक्षा सेथन बघा. मनालीजवळच्या प्रिणी गावाच्या वर, हामटा खिंडीच्या वाटेवरचं छोटं गाव, साधारण २,७०० मीटर, बर्फाची इग्लू करून राहायची सोयही तिथेच. रस्ता वळणावळणाचा, बर्फ असला की फोर बाय फोर गाडीच जाते आणि ती तिथल्याच ड्रायव्हरची घ्यायची. तरुण चौघे एका रात्रीसाठी जातील, बाकीचे जगतसुखला तंदूरपाशी बसतील.

आता प्रवास आणि तारखा. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, तेव्हा त्या दिवशी सकाळी आठला तयार राहा. भुसावळवरून झेलम किंवा सचखंड एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरलात की पुढे टेम्पो ट्रॅव्हलरने मनाली तीनशे किलोमीटरच्या आसपास. दिल्लीत गाडी बदलायची कटकट वाचते. जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. म्हणून अंबाल्याला उतरून त्याच दिवशी मनाली गाठायचा बेत करू नका, चंदीगडला किंवा मंडीला एक रात्र टाका. किरतपूर-नेरचौक चौपदरी रस्ता झाल्यापासून खालचा टप्पा सोपा झालाय, पण कुल्लू-मनाली भाग २०२३ आणि २०२५ च्या पुरांत ब्यासने खाऊन टाकला होता, तिथे वेळ हाताशी ठेवूनच निघा. अंधारात पहाडी रस्ता नको. सावलीतल्या वळणावर पहाटे जो पातळ बर्फ असतो तो डांबरासारखाच काळा दिसतो, आपल्याकडच्या ड्रायव्हरला तो ओळखू येत नाही. घरची गाडी न्यायचा विचार असेल तर सोडा. न्यायचीच ठरली तर निदान डिझेल वरच भरा, इकडचं डिझेल तिकडच्या पहाटेला टाकीतच घट्ट होतं.

तारखा मात्र हलवता आल्या तर हलवा. २६ जानेवारीला दिल्ली-पंजाबची निम्मी जनता त्याच रस्त्यावर असते. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळाच्या तोंडावर बर्फ पडला तेव्हा सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजारभर गाड्या अडकल्या होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातले सोमवार ते शुक्रवार मला पसंत आहेत: गर्दी ओसरलेली, बर्फ साचून बसलेला. तरीही बर्फाची हमी कुणी देऊ शकत नाही. तो पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो आणि तेच हल्ली लहरी झालेत. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गसुद्धा कोरडं पडलं होतं. सोलंगला बर्फ नसेल तर नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सहसा मिळतो. उलट फार पडला तर पोलीस नेहरू कुंड किंवा पलचानलाच गाड्या थांबवतात. म्हणून पाच रात्रींत एक दिवस रिकामा ठेवा, कुठलाही बेत न आखता.

गुलमर्गचं काय, असं तुम्ही पुढे विचाराल. स्कीइंगसाठी ते सोलंगपेक्षा कितीतरी सरस. पण गावात घरं नाहीत, हॉटेलंच. घर घ्यायचं तर तेरा किलोमीटर खाली तंगमर्गला, आणि बर्फ असला की वर जायला साखळी लावलेली तिथलीच गाडी. आपलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं. उत्तराखंडातलं औलीही स्कीइंगचं, सुंदर आहे, पण खाली जोशीमठची जमीन खचल्यानंतर जानेवारी २०२३ पासून तिथला रोपवे बंद पडला. सासूबाईंना घेऊन ऋषिकेशपासून अडीचशे किलोमीटरचा तो घाट हिवाळ्यात मी सुचवणार नाही.

पैशांचं. हिमाचलात २००८ पासून होमस्टेची सरकारी नोंदणी आहे, नोंदणी क्रमांक मागा. असलेला माणूस लगेच पाठवतो. ॲडव्हान्स एक चतुर्थांशापेक्षा जास्त देऊ नका, आणि यूपीआयवर दिसणारं नाव मालकाचंच आहे ना ते बघून पाठवा. रस्ता बंद झाल्यामुळे तुम्ही पोचला नाहीत तर पैसे परत की तारीख पुढे, हे व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून लिहून घ्या. तोंडी ‘हो जाएगा जी’ पुढे उपयोगी पडत नाही.

सासूबाईंना रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि गोळ्या दुप्पट बरोबर ठेवा. मनालीत सरकारी रुग्णालय आहे, मिशनचं लेडी विलिंग्डनही आहे. जगतसुखहून दोन्ही जवळ, हेही त्या गावाच्या बाजूचं. सोलंगच्या घराचा ॲडव्हान्स आज भरू नका. मुलांची वयं आणि सासूबाई सलग किती पायऱ्या चढतात ते कळवा, मग जगतसुख की वशिष्ठ हे नक्की करू.